नवे टायर, तरी गाडी का थरथरते?

गाडीच्या खर्चात टायरचा खर्च अंगावर येतो. विमा, सर्व्हिसिंग, बॅटरी यांचा अंदाज आधी असतो. चार टायर एकदम घ्यायचे म्हटले की घरातली दोन कामं पुढच्या महिन्यावर ढकलावी लागतात. एवढे पैसे मोजून नवे कोरे टायर बसवावेत, गाडी शहराबाहेर काढावी आणि काटा ऐंशीच्या पुढे गेला की स्टिअरिंग हातात थरथरू लागावं! दुकानदाराला फोन केला तर उत्तर ठरलेलं असतं: “नवे टायर आहेत, चालून चालून बसतील.”

नव्या टायरला रस्त्याची सवय व्हायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात, हे खरं. कारखान्यातल्या साच्यातून निघताना त्यावर जो गुळगुळीतपणा राहतो तो तेवढ्यात घासून जातो, म्हणून सुरुवातीला जोरात ब्रेक आणि जोरात वळण टाळायचं असतं. पण थरथरीचा या बसण्याशी संबंध नाही. ती शंभर किलोमीटरनंतरही तशीच राहिली तर तिला कारण आहे, आणि बहुतेक वेळा ते कारण फार खर्च न करता सापडतं. फक्त ते क्रमाने शोधावं लागतं.

आपल्याकडे हा प्रश्न आताच का वाढला, याचंही कारण आहे. पूर्वी नांदेडहून लातूरला जायचं तर खड्डे चुकवत पन्नास-साठच्या वेगाने जावं लागे. आता तुळजापूरपासून लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड करत यवतमाळ-वर्ध्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे. नांदेड-लातूर हे सुमारे १४० किलोमीटरचं अंतर आपल्या कितीतरी घरांसाठी महिन्या-पंधरा दिवसांचं झालं आहे. कुणाची मुलगी लातूरला नीटच्या तयारीसाठी राहते, कुणाचा मुलगा नांदेडला क्लास करतो, कुणाच्या घरचा रुग्ण मोठ्या दवाखान्यात न्यायचा असतो, कुणाचं निकाह-वलीम्याचं निमंत्रण असतं. जालन्याहून समृद्धी महामार्गाला लागलं तर तिथे मोटारीला ताशी १२० किलोमीटरपर्यंत परवानगी आहे. चाकातला जो दोष पन्नासच्या वेगात लपून राहत होता, तो नव्वद आणि शंभरला उघडा पडतो.

वीस ग्रॅमचे तीन किलो

हवा भरलेल्या टायरची कल्पना रॉबर्ट थॉमसनने १८४५ साली मांडली होती, पण ती विस्मरणात गेली. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी रबराची हवा भरलेली नळी तयार केली. मुलाला दगडी रस्त्यावर हादरे बसू नयेत, एवढाच हेतू होता. टायरचं पहिलं काम आजही तेच आहे: आत बसलेल्या माणसाला हादरा पोहोचू न देणं.

टायर अखंड रबराचा नसतो. धाग्यांचे थर, पोलादी तारांचे पट्टे आणि रबर एकावर एक चढवून, जोड देऊन तो साच्यात भाजला जातो. त्यामुळे कितीही चांगल्या कंपनीचा असला तरी त्याचा एखादा भाग दुसऱ्यापेक्षा काही ग्रॅम जड राहतोच. लोखंडी किंवा अलॉयच्या रिममध्येही असा फरक असतो. हा फरक भरून काढण्यासाठी रिमच्या हलक्या बाजूला छोटी वजनं लावतात, तेच बॅलन्सिंग.

काही ग्रॅमने एवढं काय होतं, हे मुलं वर्गातही विचारतात. हिशेब साधा आहे. १८५/६५ आर १५ या मापाचं चाक ताशी शंभर किलोमीटर वेगाला सेकंदात सुमारे चौदा वेळा फिरतं. रिमच्या कडेला फक्त वीस ग्रॅम वजन जास्त असेल, तर या वेगाला ते सुमारे तीन किलो वजनाच्या जोराने चाकाला बाहेर ओढतं, आणि तेही सेकंदात चौदा वेळा, कधी वर, कधी खाली. वेग निम्मा केला की हा जोर निम्मा होत नाही, चौथाई होतो. म्हणून गावात फिरताना काही कळत नाही आणि लोहा ओलांडलं की स्टिअरिंग थरथरू लागतं. घरातल्या वॉशिंग मशीनमध्ये ओले कपडे एका बाजूला गोळा झाले की ड्रायर कसा थडथडतो आणि जागेवरून सरकतो, ते आठवावं. चाकाचं दुखणं तेच आहे.

रुंद आणि बुटक्या टायरची गोष्ट

गेल्या काही वर्षांत एमएच-२४ आणि एमएच-२६ च्या गाड्यांवर अलॉय आणि त्यावर रुंद, कमी उंचीचे टायर दिसू लागले आहेत. दुकानात यांना परफॉर्मन्स टायर किंवा लो प्रोफाइल म्हणतात. घरातल्या तरुण मुलांचा यासाठी हट्ट असतो. हट्ट पुरवायला हरकत नाही, पण आकडे वाचून.

१८५/६५ आर १५ मध्ये १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. भिंतीची उंची झाली सुमारे १२० मिलिमीटर. त्या जागी १९५/५५ आर १६ बसवला तर भिंत सुमारे १०७ मिलिमीटर होते. रिम एक इंचाने वाढली, वरची आणि खालची भिंत मिळून तेवढीच कमी झाली, म्हणून चाकाची एकूण उंची जवळपास तीच राहते. माप बदलताना ही एकूण उंची न बदलणं महत्त्वाचं. नाहीतर वेगाचा काटाही चुकीचा दाखवतो.

त्यापुढे दोन खुणा असतात, उदाहरणार्थ ८८ एच. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलोपर्यंत भार सोसतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०. यातला भाराचा आकडा गाडीला कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा कमी असता कामा नये. पाच माणसं आणि शादीचं सामान घेऊन निघणाऱ्या घराने वेगाच्या अक्षरापेक्षा भाराचा आकडा आधी बघावा.

आता थरथरीकडे येऊ. जुन्या टायरची उंच, मऊ भिंत छोटे दोष पोटात घालत होती. बुटक्या टायरची भिंत ताठ असते, ती काही झाकत नाही. टायर रुंद असल्यामुळे आतल्या आणि बाहेरच्या कडेच्या वजनातला फरक चाकाला डावी-उजवीकडे डुलवतो. खड्ड्यात आपटलं तर रिम वाकण्याची शक्यताही वाढते. जास्त वेगाच्या टायरमध्ये तारांच्या पट्ट्यावर नायलॉनचा थर असतो. गाडी कित्येक दिवस एका जागी उभी राहिली तर टायरचा जमिनीला टेकलेला भाग किंचित सपाट होतो आणि निघाल्यावर थडथड जाणवते. ही थडथड मात्र पंधरा-वीस मिनिटं गाडी चालली, टायर तापले की आपोआप जाते. जी जाते तिची काळजी नको. जी जात नाही तिच्याकडे वळू.

दुकानात जाण्याआधी तीन प्रश्न

डॉक्टरकडे गेल्यावर “तब्येत बरी नाही” एवढंच सांगून चालत नाही. कधीपासून, कुठे, कशाने वाढतं, हे सांगावं लागतं. गाडीचंही तसंच.

पहिला प्रश्न: कोणत्या वेगाला? साधारण ऐंशीला सुरू होऊन शंभर-एकशेदहापर्यंत वाढणारी आणि कधी त्यापुढे कमी होणारी थरथर बहुधा बॅलन्सिंगची असते. वीस-तीसच्या वेगातच गाडी हेलकावत असेल, तर रिम वाकलेली आहे किंवा टायरच्या आतले पट्टे सुटले आहेत असं समजावं.

दुसरा प्रश्न: कुठे जाणवते? स्टिअरिंगमध्ये येत असेल तर पुढच्या चाकांकडे बघावं. सीटमध्ये, पायाखाली, कमरेत येत असेल तर मागच्या चाकांकडे.

तिसरा प्रश्न: काय केलं की वाढते? फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर दोष टायरचा नाही, ब्रेकच्या चकतीचा आहे. फक्त अॅक्सिलरेटर दाबल्यावर येत असेल आणि पाय काढताच जात असेल तर एक्सलचे जोड तपासावेत. घूं-घूं आवाज असून वळणावर तो कमी-जास्त होत असेल तर चाकाचं बेअरिंग गेलं असण्याची शक्यता जास्त. गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवूनही थरथर येत असेल तर चाकांचा काही संबंधच नाही. इंजिनचे माउंटिंग बघायला हवेत.

डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर आलो की टायरचा आवाज बदलतो आणि बारीक कंप वाटतो. तो रस्त्याचा असतो. म्हणून परीक्षा एकाच गुळगुळीत पट्ट्यावर, रहदारी नसताना घ्यावी, आणि वेगाचा काटा शेजारी बसलेल्याने बघावा. चालवणाऱ्याने रस्ता बघावा.

मागच्या सीटवरचं म्हणणं

आमच्या घरातलंच उदाहरण सांगते. भाईजानची मुलगी लातूरला शिकते. त्यांनी गेल्या वर्षी गाडीला बाजारातले अलॉय आणि रुंद टायर बसवले. पहिल्याच फेरीत अम्मी मागे बसल्या होत्या. माळाकोळीच्या पुढे त्या म्हणाल्या, “खालून थरथरतंय रे, कमरेला लागतंय.” भाईजानच्या हातात स्टिअरिंग शांत होतं. सगळ्यांनी मिळून अम्मींची समजूत काढली: नवी चाकं आहेत, रस्ता तसा आहे, शिवाय तुमची कमर आधीपासूनच दुखते.

पुढच्या फेरीतही तेच झालं. मग दुकानात गाडी गेली. तिथे व्हील अलाइनमेंट करून दिलं, पैसे घेतले. फरक पडला नाही. पुन्हा गेले तर पुढची दोन चाकं काढून बॅलन्सिंग केलं. “मागच्यांना लागत नाही” असं सांगितलं. पुन्हा पैसे गेले, अम्मींची कमर तशीच.

शेवटी लातूरमध्ये एका वयस्कर उस्तादांना गाडी दाखवली. त्यांनी भाईजानचं म्हणणं ऐकून घेतलं आणि मग मागच्या काचेतून वाकून अम्मींना विचारलं, “अम्मा, हाथों में आता की कमर में?” अम्मींनी सांगितलं. ते थेट मागच्या चाकांकडे गेले. दोन्ही चाकं मशीनवर चढवली. एकात तीस ग्रॅमचा फरक निघाला, तो भरून काढला. दुसऱ्या चाकाने मशीनवर शून्य दाखवलं. पण गाडीवर चढवण्याआधी त्यांनी रिमच्या मधल्या भोकात बोट फिरवलं आणि विचारलं, “याची रिंग कुठे आहे?”

ही रिंग समजून घेण्यासारखी आहे. गाडीच्या कंपनीच्या रिमचं मधलं भोक हबवर अगदी घट्ट बसतं. बाजारातला अलॉय अनेक गाड्यांना चालावा म्हणून त्याचं भोक मोठं ठेवतात आणि मधली फट प्लॅस्टिकच्या किंवा अॅल्युमिनियमच्या रिंगने भरतात. ती रिंग नसेल तर चाक हबवर न टेकता फक्त नटांवर लटकतं आणि केसभर बाजूला बसतं. मशीनवर चाक शंकूने अचूक मध्यावर धरलेलं असतं, म्हणून तिथे शून्य दिसतं. गाडीवर तेच चाक थरथरतं. काही शे रुपयांची रिंग टाकली आणि त्या संध्याकाळी परत येताना अम्मी लोहा येईपर्यंत झोपल्या.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग ही दोन वेगळी कामं आहेत. अलाइनमेंट बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग तिरकं राहतं, टायर एका कडेने घासतो; थरथर सहसा येत नाही. थरथरीवर आधी अलाइनमेंट करणं म्हणजे डोकं दुखत असताना पायाला मलम लावणं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे गाडीत बसलेल्या प्रत्येकाला विचारावं. चालवणाऱ्याला हातातलं कळतं, मागच्या सीटवरचं दुखणं मागे बसलेल्यालाच कळतं. ते बहुधा घरातल्या बायका, म्हातारी माणसं आणि मुलं असतात, आणि त्यांचं बोलणं गाडीच्या बाबतीत सहसा कुणी मनावर घेत नाही.

दुकानात क्रमाने काय करून घ्यावं

नांदेडचा देगलूर नाका असो की लातूरचा बार्शी रोड, पुढचा क्रम कोणत्याही दुकानात सांगता येतो. यातली बरीच कामं स्वस्त आहेत, म्हणून ती आधी.

१. हवा. गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरल्या चिठ्ठीत लिहिली आहे तेवढी. टायरवर लिहिलेला आकडा जास्तीत जास्त दाबाचा असतो, तो भरायचा नसतो. नवे टायर रिमवर चढवताना हवा जास्त भरतात आणि कधी ती तशीच राहते. मग गाडी दगडावर चालल्यासारखी उडते.

२. टायर रिमवर नीट बसला का. टायरच्या भिंतीवर रिमलगत एक बारीक रेषा गोल फिरलेली असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे आत, कुठे बाहेर असेल तर टायर तिथे पूर्ण बसलेला नाही. हवा काढून, कडेला साबणाचं पाणी किंवा पेस्ट लावून पुन्हा बसवावा.

३. खुणा. काही टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, काहींवर बाहेरची बाजू लिहिलेली असते. उलट बसले का, ते बघावं. पुष्कळ नव्या टायरवर पिवळा ठिपका असतो, तो टायरची हलकी बाजू दाखवतो. तो व्हॉल्व्हजवळ आला की वजन कमी लावावं लागतं.

४. चारही चाकांचं बॅलन्सिंग. जुनी वजनं पूर्ण काढून, रिम आतून धुऊन. मशीनने शून्य दाखवल्यावर चाक सैल करून अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळायला आणि पुन्हा मोजायला सांगावं. पुन्हा शून्य आलं तर काम खरं. दहा-पंधरा ग्रॅमचा फरक दाखवला तर चाक मशीनवरच वाकडं धरलं गेलं होतं. या एका परीक्षेने अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

५. वजन किती लागलं. छोट्या गाडीच्या एका चाकाला साठ ग्रॅमपेक्षा बरंच जास्त वजन लागत असेल, तर वजनं चिकटवत बसू नये. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवावा आणि पुन्हा मोजावं. पुष्कळदा टायरची आणि रिमची जड बाजू एकाच ठिकाणी आलेली असते.

६. गोलाई. बॅलन्स झालेलं चाकही वाकडं असू शकतं. वजन सारखं असूनही अंडाकृती भोवरा जसा उडतो, तसं ते उडतं. चाक मशीनवर हळू फिरवून, शेजारी स्क्रूड्रायव्हर स्थिर धरून टायर आणि रिम यांच्यातली फट कमी-जास्त होते का ते बघावं. डोळ्यांना दिसेल इतका फरक असेल तर रिम वाकलेली किंवा टायर सदोष आहे.

७. हब आणि नट. हबवरचा गंज घासून काढावा, रिंग आहे का बघावी. नट एकासमोर एक असे आडव्या-उभ्या क्रमाने आवळावेत, शेवटी पान्ह्याने मोजून. हवेच्या गनने अंदाधुंद आवळलेले नट चाक तिरकं बसवतात आणि पंक्चरच्या वेळी रस्त्यात सुटतही नाहीत. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्यावेत.

८. अदलाबदल. एवढ्यावरही थरथर राहिली तर पुढची चाकं मागे, मागची पुढे लावावीत. बाणाचे टायर त्याच बाजूला ठेवून. थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये गेली तर दोष चाकातच आहे आणि कोणत्या जोडीत तेही कळलं. जागची हलली नाही तर दोष गाडीच्या दुसऱ्या भागात आहे, आणि टायरवर आणखी पैसे घालू नयेत.

मोठ्या शहरांत काही ठिकाणी टायरवर रोलर दाबून फिरवणारं मशीन असतं. ते टायरचा मऊ-कडकपणा मोजतं. साध्या मशीनला न सापडणारा दोष त्यात सापडतो. वरचे आठही उपाय थकले तरच तिकडे जाण्याचा विचार करावा.

काळी माती आणि मे महिना

आपल्या भागाची म्हणून दोन कारणं आहेत. पहिलं आपली काळी चिकण माती. पावसाळ्यात शेताच्या वाटेने एकदा गाडी नेली की रिमच्या आतल्या बाजूला गारा चिकटतो आणि वाळून दगडासारखा होतो. वीस ग्रॅमचा हिशेब आपण वर केलाच. इथे तर पावशेर माती असू शकते. काल चांगली असलेली गाडी आज एकाएकी थरथरू लागली, तर आधी चाकं आतून जोराच्या पाण्याने धुवावीत. कित्येकदा रोग तिथेच बरा होतो. अलॉयवर चिकटवलेली वजनंही अशा धुण्यात किंवा मातीत निघून जातात. त्यांच्या जागी चिकटपट्टीचा डाग तेवढा राहतो. तो दिसला तर बॅलन्सिंग पुन्हा करावं.

दुसरं कारण ऊन. मे महिन्यात नांदेड-लातूरला पारा बेचाळीसच्या पुढे जातो. हवामान पाच-सहा अंशांनी तापलं की टायरमधला दाब साधारण एक पौंडाने वाढतो. गाडी चालल्यावर तो आणखी वाढतो. तापलेल्या टायरची हवा कमी करू नये, कारण थंड झाल्यावर ती कमी पडते. आणि कमी हवेचा टायर उन्हात, भरल्या गाडीसह, वेगात चालला की त्याची भिंत सारखी दुमडत राहते, आतून तापते आणि पट्टे सुटू लागतात. फुटण्याआधी असा टायर पुष्कळदा थरथरून सूचना देतो.

इथे थांबायलाच हवं

थरथर हळूहळू वाढत असेल तर दुकान गाठायला वेळ आहे. पण ती एकाच प्रवासात झपाट्याने वाढत असेल, टायरच्या भिंतीवर फुगा आलेला दिसत असेल, टायरचा वरचा पट्टा कुठे उंचावलेला वाटत असेल किंवा चाकाजवळ कट-कट आवाज येत असेल, तर पुढचं गाव यायची वाट बघू नये. जोरात ब्रेक न लावता वेग कमी करावा, गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्यावी, मुलांना रस्त्याच्या विरुद्ध बाजूने उतरवावं आणि स्टेपनी लावावी. कट-कट आवाज सैल नटांचा असू शकतो. ते पान्ह्याने तपासावेत. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, नवा असला तरी. त्यात हवा भरून “लातूरपर्यंत तरी जाईल” असं म्हणू नये.

पावती आणि हक्क

टायर घेताना पक्की पावती घ्यावी. त्यावर टायरचं माप आणि टायरवरचा क्रमांक लिहून घ्यावा. टायरच्या भिंतीवर लांबट चौकटीत शेवटी चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नवा म्हणून फार जुना माल गळ्यात पडू नये, यासाठी हे आकडे दुकानातच वाचावेत. आयएसआयची खूणही बघावी.

टायर मुळातच सदोष निघाला तर कंपनीची वॉरंटी असते. तक्रार दुकानदारामार्फत कंपनीकडे जाते आणि तिचा माणूस टायर तपासतो. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. नांदेडला आणि लातूरला असे आयोग आहेत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. पण कायद्याची भाषा आधी काढू नये. पावती, तारखा आणि तीन प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहून नेली, तर बहुतेक दुकानदार काम पुन्हा करून देतात.

हेही लक्षात ठेवावं की टायरच्या दुकानात राबणारी बरीच मुलं आपल्याच मोहल्ल्यातली आहेत. दिवसाला पन्नास-साठ चाकं उचलून त्यांची कंबर मोडते. घाईत, फुकट करून दे म्हणत, चार चाकांचं काम दोन चाकांच्या पैशांत मागितलं तर ते दोनच चाकांचं होणार. पूर्ण काम सांगावं, त्याचे पूर्ण पैसे द्यावेत आणि पूर्ण झालं का ते उभं राहून बघावं. ज्या पोराला चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजायची सवय लागेल, तो उद्या स्वतःचं दुकान टाकेल तेव्हा त्याच्याकडे गिऱ्हाईक परत येईल.

प्रवासाला निघण्यापूर्वी

• आदल्या दिवशी संध्याकाळी, गाडी थंड असताना चारही टायर आणि स्टेपनीची हवा तपासा.
• चाकांच्या आतल्या बाजूची माती धुवा. टायरच्या दोन्ही भिंतींवर हात फिरवून फुगा, चीर, खिळा बघा.
• टायरच्या खाचांमध्ये झिजेची उंचवटा-खूण असते. रबर तिच्या बरोबरीला आलं की टायर संपला.
• दोनच नवे टायर घेतले असतील तर ते मागच्या चाकांना लावा. ओल्या रस्त्यावर गाडीची शेपूट घसरत नाही.
• जॅक, पान्हा आणि नट उघडणारी चावी गाडीत आहे का, ते बघा.
• आणि निघाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात मागे बसलेल्यांना एकदा विचारा: खालून काही जाणवतंय का?